वंगणाचे हात आणि घरचा साबण

बंडीच्या आखाला वंगण लावले किंवा मोटारपंप खोलला, की हात काळेकुट्ट होतात. नुसत्या पाण्याने ते निघत नाहीत. असे का बरे?

वंगण हे तेलाच्याच जातीचे. तेलाचे आणि पाण्याचे जमत नाही. साबण मात्र दोघांचाही सोयरा. त्याचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. मग तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्याबरोबर निघून जातात.

१९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. खेड्यातल्या मालापासून खेड्यातच वस्तू व्हाव्यात, हा त्याचा हेतू. आपल्याकडे करंजाची झाडे पुष्कळ. करंजाचे तेल खाण्याच्या कामी येत नाही. साबणाला मात्र चालते.

माप तराजूवर घ्या, अंदाजाने नको:

करंजाचे तेल ७०० ग्रॅम
खोबरेल ३०० ग्रॅम
कॉस्टिक सोडा १४० ग्रॅम
पाणी ३५० ग्रॅम
विटेची वस्त्रगाळ भुकटी एक मूठ

पुडीवरचे नाव नीट वाचा. खाण्याचा सोडा किंवा धुण्याचा सोडा येथे चालत नाही.

काम अंगणात, मोकळ्या हवेत करा. हातात रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा हवा. भांडे स्टीलचे घ्या. जर्मनचे भांडे घेऊ नका. सोडा ते खातो. सोडा थोडाथोडा पाण्यात टाका. सोड्यावर पाणी कधीही ओतू नका. ते उसळून अंगावर येते. विस्तव नसतानाही हे पाणी कढत होते. त्याची वाफ नाकात जाऊ देऊ नका.

ते कोमट झाले, की कोमट तेलात हळूहळू ओता आणि लाकडी काठीने ढवळा. पातळ पिठल्यासारखे झाले, की भुकटी मिसळा. कागद घातलेल्या लाकडी पेटीत ओता. दोन दिवसांनी मोजे घालून वड्या कापा. चार आठवडे वाऱ्यावर वाळू द्या. वडीवर सोड्याचे पाणी सुटले असेल, तर ती वापरू नका.

हात धुताना आधी कोरड्या हातांवर चार थेंब गोडे तेल चोळा. वंगण सैल होते. मग साबण, मग पाणी. रॉकेल किंवा पेट्रोल हाताला लावू नका. कातडी फुटते, शिवाय आगीचे भय. हा साबण तोंडाला लावू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. कॉस्टिक सोडा साखरेसारखा पांढरा दिसतो. तुम्हाला आता लिहिता येते. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : 'विष'. पण रांगत्या लेकराला अक्षर कळत नाही. म्हणून डबा कुलपात ठेवा. सोडा अंगावर किंवा डोळ्यात उडाला, तर निदान २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहा व दवाखान्यात जा. कोणी गिळला, तर ओकारी काढू नका. तडक दवाखाना गाठा.

लिहा पाहू :
१. सोडा पाण्यात टाकावा, की पाणी सोड्यात? का?
२. ५०० ग्रॅम तेलाला सोडा किती लागेल?
३. तुमच्या घरी सोड्याचा डबा कोठे ठेवाल?