तोडणीच्या फडात पाणी, सावली आणि आडोसा



बेणे, लागण, खताच्या मात्रा यांवर या पानात आम्ही नेहमीच लिहितो. आज विषय थोडा निराळा आहे. कारखान्याच्या आवारात कामगाराला पिण्याचे पाणी देणे कायद्याने बंधनकारक आहे. फडातही माणसे कामच करतात. पण तिथे पाण्याचा विषय निघाला की ‘ते मुकादमाचं बघणं आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

मागील हंगामात मार्चमध्ये, दुपारी दोनच्या सुमारास, एका खोडव्याच्या फडावर मी गेलो होतो. ट्रॉली निम्मी भरली होती. मोळी डोक्यावर घेऊन फळीकडे निघालेला तिशीतला एक गडी मटकन खाली बसला. मी पहिला प्रश्न विचारला तो ‘गाडी किती वाजता निघणार?’ हा. लिहिताना लाज वाटते. गडी भलतंच बोलू लागला, गावाकडच्या बैलाला हाका मारू लागला, तेव्हा त्याच्या बायकोने ओळखलं की ही साधी भोवळ नव्हे. विहीर दोनशे पावलांवर, मोटर चालू. पण सकाळपासून पाण्याला कुणी गेलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर ती म्हणाली, “सायेब, पाण्याला गेलं की मोळ्या राहत्यात.” मजुरी टनावर असली की माणूस तहान मारतो. पाटाच्या पाण्याने त्याला भिजवला, जीपमधून दवाखान्यात नेला. वाचला. पण उरलेला हंगाम कोपीत पडून काढला आणि उचल तशीच अंगावर राहिली.

उन्हात कष्टाचे काम करताना अंग स्वतःच उष्णता तयार करते आणि ती घामावाटे बाहेर टाकते. घामाला पाणी पुरलं नाही की अंग तापत जातं आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. लघवी गर्द पिवळी, थोडी व जळजळ होऊन येऊ लागली की समजावे, पाणी कमी पडते आहे. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर, निकाराग्वा या देशांत तरुण ऊसतोड्यांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे दिसून आले. 2002 साली एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला. मधुमेह नाही, रक्तदाबाचा जुना आजार नाही, तरी हा रोग. सगळी कारणे अजून उलगडलेली नाहीत, पण ऊन, कष्ट आणि अपुरे पाणी यांकडे मोठा संशय आहे. तिथल्या काही मळ्यांत आता पाणी, विश्रांती आणि सावली यांच्या वेळा ठरवून काम चालते. आपल्याकडे अंगदुखीसाठी टपरीवरची गोळी घेऊन कामाला लागायची सवय आहे. कोरड्या पडलेल्या शरीरात त्यातल्या कित्येक गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करतात, हेही मजुरांच्या कानावर घाला.

बायकांची अडचण वेगळी आहे, आणि ती मला एका मुकादमाच्या घरच्या बाईने सांगितली तेव्हा कळली. इतकी वर्षे फडात हिंडून कधी सुचलं नव्हतं. ऊस उभा असतो तोवर आडोसा असतो. फड मोकळा होत गेला की बाईने जायचं कुठे? म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. लघवीला जळजळ, पोटदुखी त्यातून सुरू होते. चार बांबू, जुनी ताडपत्री किंवा गोणपाट बांधाच्या कडेला बांधून दिले की काम भागते. अर्ध्या तासाचं काम आहे.

पाणी फडाच्या तोंडाशी ठेवावे, विहिरीवर नव्हे. रांजण असो वा झाकणाचा कॅन, वर ओगराळे हवे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, तहान लागण्याची वाट न पाहता. मात्र तणनाशकाचा किंवा औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नये. असे कॅन मी स्वतः तीन फडांवर पाहिले आहेत. कडक ऊन लागले की भारी काम सकाळी लवकर उरकून दुपारी सावलीला बसू द्यावे. ‘त्यानं टनेज घटेल’ असं सभासद म्हणतात. पण गडी पडला की गाडी तिथेच उभी राहते आणि तुटलेला ऊस वाळतो, तो कुणाचा?

कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, मग घाम येत असो वा नसो, तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी 108 ला फोन करावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, श्वासनलिकेत जाते.

खुशालीबद्दल सभासदांच्या तक्रारी आहेत, त्या रास्तही असतील. त्यांवर स्वतंत्र लिहीन. पाण्याचा त्याच्याशी संबंध जोडू नये.

यंदा तोडणी चिठ्ठी घेऊन चिटबॉय येईल तेव्हा पाणी कुठे ठेवणार आणि आडोसा कुठे बांधणार, हे त्याला जागेवर दाखवावे. ज्यांच्याकडे कॅन किंवा ताडपत्री नसेल त्यांनी पाळी येण्याच्या आठ दिवस आधी गट ऑफिसला सांगून ठेवावे.