तो रेझ्युमे मागे घे

एडिसन, न्यू जर्सी

चि. सोनूस,


काल मंडळाच्या हळदीकुंकवात एका बाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या कंपनीत आलेल्या एका रेझ्युमेवर तुझं नाव होतं. "ही तुमची सांगलीची भाची ना? 2018 पासून हैदराबादला सीनियर डेव्हलपर होती का?" मला उत्तर देता आलं नाही.

सोनू, 2019 च्या ऑगस्टमध्ये तू सांगलीत, गावभागातल्या घरी होतीस. कृष्णेचं पाणी जिन्याच्या पायऱ्या चढत होतं आणि तू देव, अण्णांची पुस्तकं, स्वतःची कॉलेजची जर्नल्स माळ्यावर टाकत होतीस. फोनवर ताई रडत होती, तू नाही. मग हैदराबादला कोण होतं?

लिहिलं नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्यानं असेल, पण नाव तुझं आहे. ताईला मी अजून काही बोललेले नाही.

नोकरी गेल्यापासून तू दिवस मोजते आहेस, हे मला कळतं. शिक्षणानंतर काम करायची ओपीटीची परवानगी आणि तिची स्टेमवाल्यांना मिळणारी वाढीव मुदत मिळून बेकारीचे 150 दिवस, त्यापुढे स्टेटस धोक्यात. वर भाऊजींनी घर तारण ठेवून काढलेलं कर्ज. अशा वेळी कोणी "आम्ही बघतो" म्हटलं की हायसं वाटतं. पण तो काय सांगतो ते नीट तपास. एच-1बी या कामाच्या व्हिसाच्या लॉटरीत चार कंपन्यांतून नाव घालू म्हणत असेल, तर 2024 पासून कितीही कंपन्यांनी नाव घातलं तरी त्यानं संधी वाढत नाही. एच-1बीची फी तुझ्याकडून मागत असेल, तर अर्जाची आणि वकिलाची फी कंपनीनंच भरायची असा कायदा आहे. पुढे काम नाही म्हणून बिनपगारी बेंचवर बसवणंही बेकायदा. 2025 च्या सप्टेंबरात आलेल्या एक लाख डॉलरच्या फीची भीती घालत असेल, तर ती बाहेरून बोलावलेल्यांसाठी आहे. इथेच शिकून इथेच स्टेटस बदलणाऱ्यांना ती लागत नाही. तुझी मास्टर्स इथली आहे. एच-1बीच्या 65,000 जागांखेरीज इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी वेगळ्या 20,000 आहेत, त्यांत तू बसतेस.

नंबर लागेल किंवा लागणार नाही. पण हाच खोटा अनुभव उद्या व्हिसाच्या अर्जात गेला आणि पकडला गेला, तर या देशाची बंदी जन्मभराची असू शकते. आज त्या बाईंनी ओळखलं, उद्या अधिकारी ओळखेल. हे तुला कोणी सांगितलं होतं का?

मी 2002 साली एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर आले. वालचंदची इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री होती, पण काम करायची परवानगी नव्हती. 2015 साली आमच्यासारख्या काहीजणींना परवाना मिळाला, तोवर माझं शिकलेलं सगळं जुनं झालं होतं. "मधली वर्षं काय केलंत?" असं पहिल्याच इंटरव्ह्यूत विचारलं. एका मैत्रिणीनं आधीच सुचवलं होतं, तिच्या नवऱ्याच्या फर्मचा अनुभव दाखव म्हणून. मोह फार झाला होता. मी "घरी होते" म्हणाले आणि मिळाली ती लहान नोकरी धरली. त्या वर्षांची हळहळ अजून जात नाही. तुझ्या वयात मला मशीनसमोर बसायचं होतं, मी खिडकीशी बसून राहिले. म्हणूनच तुझी नोकरी लागली तेव्हा ताईपेक्षा मला जास्त आनंद झाला होता.

फार बोलले. रागावू नकोस. एकटीनं डॅलसमध्ये खोलीत बसून कोणाचंही ऐकावंसं वाटतं, त्यात तुझा काय दोष? आम्हीच विचारायला हवं होतं. गेल्या महिन्यात फोनवर तुझा आवाज बसलेला वाटला, तो सर्दीचा नव्हता हे आता कळतंय.

शुक्रवारी इकडे ये, तिकीट मी काढते. सोमवारी काकांच्या ओळखीच्या इमिग्रेशन वकिलांकडे जाऊ. खरा रेझ्युमे मी आणि तू मिळून लिहू. तुझं दोन वर्षांचं खरं काम काही कमी नाही. यंदा नंबर नाहीच लागला आणि परत जावं लागलं, तर जायचं. हप्ते काका आणि मी भरू, भाऊजींशी मी बोलते. तू हरलीस असं घरात कोणी म्हणणार नाही.

वेळेवर जेव. रात्री कितीही वाजता फोन कर. आणि तो रेझ्युमे आजच्या आज मागे घे, बाळ.

तुझी,
मावशी