गाडी तापते, पण केव्हा?

मु. आपटा, ता. पनवेल,
वैशाख शुद्ध दशमी

चिरंजीव बाळ यास,

तुझे पत्र पावले व मजकूर ध्यानी आला. वडिलांच्या पश्चात त्यांची पद्मिनी मोटार भंगारात न देता तू ती चालती ठेवलीस आणि तिच्यातून पुण्याहून आपट्यापर्यंत येण्याची उमेद धरलीस, याचा मला अतिशय संतोष आहे. परंतु परतीच्या वाटेवर खोपोली मागे टाकून घाटास लागताच काटा तांबड्या रेघेवर गेला, बॉनेटच्या फटींतून वाफ निघू लागली आणि सूनबाईंसह तुला भर उन्हात रस्त्याच्या कडेस तिष्ठत बसावे लागले, हे वाचून मन अस्वस्थ झाले; आणि पत्राच्या उत्तरार्धात, पुण्याच्या मिस्त्रीने नवा रेडिएटर, नवा वॉटर पंप, विजेवर चालणारा मोठा पंखा असा लांबलचक तपशील तुझ्या हाती देऊन वर ‘थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकू’ असे सांगितले, हे वाचून तर मी पत्रोत्तरास विलंब न करण्याचे ठरविले. या खर्चास माझी संमती तू विचारली आहेस. माझे म्हणणे असे, की गाडी तापते हे तू लिहिलेस, पण ती केव्हा तापते आणि केव्हा तापत नाही याचा इत्थंभूत दाखला जोवर तुझ्याजवळ नाही, तोवर एक रुपयाही खर्च करू नये.

प्रथम यंत्राचा व्यवहार ध्यानात घे. पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा ढोबळ मानाने चौथा हिस्साच चाकांच्या कामी येतो; उरलेली धुराबरोबर आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर टाकावी लागते. पंप ते पाणी ढकलतो, थर्मोस्टॅट योग्य तापमान येईपर्यंत त्याची रेडिएटरकडील वाट अडवून धरतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरताना ते आपली उष्णता हवेस देते, आणि गाडी उभी असता ती हवा ओढून आणण्याचे काम पंखा करतो. म्हणजे तापण्याची कारणे तीनच जातींची असू शकतात: उष्णता वाजवीपेक्षा अधिक उत्पन्न होते, किंवा पाणी ती नीट वाहून नेत नाही, किंवा हवा ती नीट स्वीकारत नाही. यांपैकी कोणती, हे गाडी स्वतःच सांगत असते. मात्र तिची कैफियत ऐकून घेण्याइतकी सबुरी ऐकणाऱ्याकडे हवी.

तुझ्याच पत्रातील एक वाक्य, जे तू सहज लिहून गेलास, मला सर्वांत मोलाचे वाटले. येथे असताना एका सायंकाळी तू कर्नाळ्याच्या खिंडीतून पनवेलास गेलास, पळस्प्याच्या नाक्यावर वाहनांच्या गर्दीत बराच वेळ अडकलास, आणि तरीही काटा मध्यावरून हलला नाही. त्यावरून पंख्याची बाजू जवळजवळ निर्दोष ठरते. कारण पंखा दुर्बल असता, किंवा त्याचा पट्टा ढिला पडून घसरत असता, तर उभ्या गाडीतच त्याचे पितळ उघडे पडले असते. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी दांड फाट्यापर्यंतही सुखरूप पोचली नसती, मग खोपोली तर दूरच. तेव्हा जी दोन अंगे सर्वांत कमी संशयास्पद, त्यांच्याही बदलाची तजवीज तुझ्या मिस्त्रीने केली आहे.

आता घाटाचा विचार कर. १८३० साली चाकाच्या वाहतुकीस खुला झालेला हा बोरघाट खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची चढवितो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताकदीने राबत असते, म्हणजे उष्णता सर्वाधिक. गाडीचा वेग मात्र अल्प, म्हणजे समोरून येणारा वारा थोडा. आणि खंडाळ्याच्या उंचीवर पाणी पायथ्यापेक्षा दीड-दोन अंश आधीच उकळते. सपाटीवर जो दोष वर्षानुवर्षे झाकून राहतो तो येथे घटकाभरात रुजू होतो. पुण्याहून येताना तू हाच घाट उतरलास म्हणून काही झाले नाही. सबब माझा पहिला संशय रेडिएटरच्या आतील नळ्यांवर, दुसरा पंपाकडे जाणाऱ्या खालच्या होज पाइपवर आणि तिसरा इग्निशनच्या टायमिंगवर आहे.

पण संशय म्हणजे निकाल नव्हे. आधी काट्याचीच साक्ष तपासून घे. जुन्या गाडीत अर्थिंग खराब झाले की काटा भलतेच दाखवतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढ, तोंडात काचेचा उष्णतामापक पंख्यापासून दूर राहील असा सोड, गाडी सुरू कर, आणि थर्मोस्टॅट उघडल्यानंतर पारा व काटा बरोबरीने चढतात की नाहीत ते पाहा. तुझ्या बाबतीत वाफ निघाली, तेव्हा काटा खोटा नसावा. तरी खातरजमा करण्यास कष्ट पडत नाहीत.

थर्मोस्टॅटविषयीचा वाद घरच्या स्वयंपाकघरातच मिटविता येतो. तो काढून दोऱ्याने एका पातेल्यातील पाण्यात असा लोंबकळत ठेव की बुडास टेकणार नाही. शेजारी उष्णतामापक धर आणि मंद आचेवर पाणी तापू दे. त्याच्या कडेवर उघडण्याचे तापमान कोरलेले असते, सामान्यतः ८० आणि ९० अंशांच्या दरम्यान. पारा त्या आकड्याजवळ आला की मधली पितळी चकती आपल्या बैठकीवरून केसभर उचलली जाते, कडेने पाण्याची एक रेघ सुटते, आणि पाणी आणखी तापले की ती पुरती उघडून चांगली वर येते. हे दृश्य एकदा डोळ्यांनी पाहिलेस म्हणजे या लहानशा वस्तूविषयी तुझ्या मनात आदर उत्पन्न होईल. उघडली आणि गार झाल्यावर पुन्हा मिटली, तर ती निर्दोष समजून परत बसव. आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जी सर्रास वहिवाट पडली आहे ती मला मुळीच मान्य नाही. तो काढला की इंजिन सपाटीवर कधी पुरते तापतच नाही, ऑइल जाड राहते, सिलिंडर झिजतात, पेट्रोल अधिक जळते; आणि मूळ दोष, जो बहुधा तुंबलेल्या नळ्यांत असतो, तो जागच्या जागी राहून पुढच्या घाटाची वाट पाहतो.

नळ्यांची परीक्षा हाताने करावयाची आहे. गाडी चांगली चालवून आण, इंजिन बंद कर, पंखा पूर्ण थांबू दे, आणि मग रेडिएटरच्या जाळीवरून, न भाजेल अशा बेताने, वरून खाली व डावीकडून उजवीकडे तळहात फिरव. उष्णता वरून खाली क्रमाने कमी होत जावी. पण मध्येच एखादा पट्टा गार लागला, तर त्या नळ्यांतून पाणी वाहत नाही असे नक्की समज. झाकण मात्र इंजिन पूर्ण निवल्यावाचून उघडू नकोस. मग आत बॅटरीचा उजेड टाकून पाहा: नळ्यांची तोंडे स्वच्छ दिसतात, की त्यांवर विटकरी रंगाचा चिखल आणि पांढरट कवच बसले आहे? तुझ्या वडिलांनी ही गाडी या भागात फार चालविली, आणि वाटेत जे मिळेल ते पाणी रेडिएटरात घालण्याचा त्या काळचा रिवाज होता. आपली पाताळगंगा खोपोलीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे बारमाही वाहते; येथपर्यंत तिचे पाणी गोडे, पण खारपाड्याच्या बाजूस भरतीचे पाणी चढते आणि खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. असले पाणी बिडाला गंज आणि नळ्यांना कवच दोन्ही देते. कित्येक वर्षांचा तो संचय आज घाटात तुझी वाट अडवीत असेल, तर त्यात नवल नाही.

असे आढळले तरी नवा रेडिएटर घेण्याची घाई नको. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्यापितळेचे असतात. जाणता कारागीर वरच्या टाकीची झाळ उकलतो, नळ्यांतून एकेक करून बारीक पट्टी फिरवून कवच काढतो, ज्यास ते लोक रॉडिंग म्हणतात, आणि टाकी पुन्हा झाळून देतो. समोरची जाळी चिखल, किडे, पिसे यांनी भरली असेल तर ती आतल्या बाजूने बेताच्या धारेने धुऊन घे. त्यानंतर शुद्ध पाणी व कूलंट निम्मे निम्मे भर. असे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही आणि गंजही रोखते. झाकणाची रबरी चकती चिरली असेल तर झाकण बदल, मात्र त्यावर जो दाबाचा आकडा आहे त्याच आकड्याचे घे. आतील दाब एक पौंडाने वाढला की उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो. चकती निकामी झाली म्हणजे हा सारा लाभ बुडतो.

खालचा होज पाइप पंपाच्या ओढीखाली असतो. त्याच्या आतील तारेची गुंडाळी गंजून गेली असेल, तर इंजिनाचा वेग वाढताच तो चपटा होतो आणि नेमका घाटातच पाणी तोडतो. सोबत्यास बॉनेटकडे उभे करून, तू गाडीत बसून वेग वाढव; त्याने पंख्यापासून अंग दूर ठेवून पाइपाकडे पाहावे. टायमिंगचेही असेच: ते मागे पडले असेल, किंवा कार्बुरेटरच्या खालून हवा शिरून मिश्रण पातळ होत असेल, तर पाण्याच्या साऱ्या व्यवस्थेत खोट नसतानाही इंजिन तापते, आणि माणसे रेडिएटर बदलीत राहतात. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहतो की काय, तेही चाक हाताने फिरवून पाहा.

आता ज्या गोष्टीची मला खरी धास्ती आहे ती लिहितो. या गाडीचे हेड अॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा आहे. दोन धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. गाडी एकदा अति तापली की हेड वाकण्याचा आणि मधले गॅस्केट फुटण्याचा संभव असतो. म्हणून त्या दिवसाच्या तापण्याने काही इजा झाली आहे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. सकाळी थंड इंजिन झाकण काढून सुरू कर. पाण्यातून सतत बुडबुडे येऊ लागले, किंवा झाकण लावले असता वरचा पाइप मिनिटाभरातच टणक झाला, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसणे, बाहेरून कोठेही गळती नसता पाणी घटत जाणे, इंजिन तापल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येत राहणे, ही त्याचीच लक्षणे. असे काही आढळल्यास गाडी मुळीच चालवू नकोस. हेड उतरवून, फेस मारून म्हणजे त्याचा पृष्ठभाग सपाट करून, नवे गॅस्केट बसवावे लागेल, आणि तो खर्च मी आनंदाने वाटून घेईन.

पुन्हा वाटेत काटा चढू लागला तर पुढच्या वळणापर्यंत नेण्याचा मोह न धरता गाडी तत्काळ कडेला घे. बॅटरीचा लाल दिवाही त्याच वेळी लागला असेल तर पट्टा तुटला असे समज, कारण पंप आणि डायनॅमो एकाच पट्ट्यावर फिरतात. एक जादा पट्टा डिकीत असू दे. झाकणास अर्धा-पाऊण तास हात लावू नकोस. दाब सुटताच आतले पाणी उसळून तोंडावर येते, आणि अशा रीतीने भाजलेली माणसे एका कारखान्याच्या वाहनविभागात नोकरीस असताना मी पाहिली आहेत. इंजिनावर गार पाणी तर कधीच ओतू नये. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला की तो तडकतो, तीच गत हेडची.

मिस्त्रीविषयी तुझ्या मनात किल्मिष राहू नये. या गाड्या जाणणारे हात आता विरळ होत आहेत. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून कुर्ल्यात जी डिलाइट बांधली, आणि १९७४ पासून जिला पद्मिनी हे नाव मिळाले, ती १०८९ घनसेंटीमीटरची गाडी मुंबईच्या टॅक्सीतूनही ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमची निवृत्त झाली. मग तिचे रोग ओळखण्याचा सराव नव्या माणसास कोठून असणार? त्याच्याशी अदबीने बोल, पण एका वेळी एकच वस्तू बदलावयास सांग, आणि प्रत्येक बदलानंतर गाडी त्याच चढावर, शक्य तो त्याच प्रहरी चालवून पाहा. चार वस्तू एकदम बदलून गाडी बरी झाली, तर कोणत्या वस्तूने झाली ते कोणासच कळत नाही, आणि उरलेल्या तिहींचे पैसे वाया जातात.

तूर्त एवढे कर: एक वही घाल, आणि गाडी निघताना व पोचताना पाणी किती होते, काटा कोठे होता, चढ होता की सपाटी, हे तीत टिपून ठेव. थर्मोस्टॅटची व बुडबुड्यांची परीक्षा येत्या रविवारी करून मला लगेच लिही. रेडिएटरचे काम त्यानंतर ठरवू. पनवेलास तांब्यापितळेचे काम करणारा कोणी मिळतो का, याची चौकशी मी येथून करतो आहे.

सूनबाईंस आशीर्वाद सांगावा. कळावे.

तुझा,
काका