कटातला भागीदार कोण?



हा अभ्यास पाड्यावरच्या एका आईच्या प्रश्नावरून सुरू झाला. तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री टेम्पोवर हमाल म्हणून गेला. टेम्पोत चोरीचा सोलीव खैर सापडला. चालक, व्यापाऱ्याचा माणूस आणि हा मुलगा, तिघांवर गुन्हा दाखल झाला. कागदावर चोरीच्या कलमाशेजारी कटाचेही कलम होते. "ताई, पोरानं झाडाला कुऱ्हाड लावली नाय, मग कट कसला?" मला उत्तर देता आले नाही. धर्मशास्त्राच्या डिप्लोमात फौजदारी कायदा शिकवत नाहीत. पुढे मंडळीतल्या एका वकील बंधूंकडून जे समजून घेतले ते इथे मांडते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २३ उघडा. चाळीसांहून अधिक माणसांनी शपथ वाहिली की पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घ्यायचे नाही. मग ते मुख्य याजक व वडील यांच्याकडे गेले. अधिक चौकशीचे निमित्त करून पौलाला खाली आणवा, वाटेत आम्ही त्याला संपवू, असा बेत त्यांनी सांगितला. पौलाच्या भाच्याच्या कानावर हे गेले. त्याने गढीत जाऊन मामाला व मग सरदाराला खबर दिली, आणि त्याच रात्री दोनशे शिपाई, सत्तर स्वार व दोनशे भालेकरी यांच्या पहाऱ्यात पौलाला कैसरीयाकडे रवाना केले गेले. पौलाच्या अंगावर ओरखडाही उठला नाही.

आपला आजचा कायदा या प्रसंगाला लावून पाहू. भारतीय न्याय संहितेचे कलम ६१ हे १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधी भारतीय दंड संहितेत हीच तरतूद १२०-अ आणि १२०-ब या कलमांत होती. ती १९१३ साली घातली गेली. दोन किंवा अधिक माणसांनी बेकायदा काम करायचे, किंवा कायदेशीर काम बेकायदा मार्गाने करायचे, असे आपसात ठरवले की त्याला कट म्हणतात. ठरवलेली गोष्ट स्वतःच गुन्हा असेल, तर ठरवणे एवढ्यानेच कट पूर्ण होतो. एरवी त्या दिशेने कोणीतरी एखादे पाऊल टाकलेले असावे लागते. म्हणजे ते चाळीस जण शपथ घेतली त्याच घटकेला दोषी. पौल वाचला म्हणून ते सुटत नाहीत. वडीलजनांपैकी ज्यांनी खोटा निरोप पाठवायला होकार दिला, तेही पुरते भागीदार, जरी त्यांच्या हाती सुरा नव्हता. कटातल्या प्रत्येकाने दुसऱ्या प्रत्येकाला ओळखावे किंवा सगळे बारकावे जाणावेत, अशीही अट नाही.

आता भाचा पाहा. बेत, माणसांची संख्या, वेळ, सारे त्याला ठाऊक होते. तरी तो भागीदार नाही, कारण माहिती असणे म्हणजे सामील होणे नव्हे. भीतीने तो गप्प बसला असता, तरी केवळ तेवढ्याने कटातला ठरला नसता. (काही गंभीर गुन्ह्यांची खबर देणे कायद्याने बंधनकारक आहे, पण तो मुद्दा वेगळा.)

राजीव गांधी हत्या खटल्यात हा फरक फार मोलाचा ठरला. १९९८ साली खालच्या न्यायालयाने सर्व २६ आरोपींना फाशी सुनावली होती. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली आणि उरलेल्या १९ जणांना कट व खुनाच्या आरोपातून सोडले. गुन्हेगारांशी ओळख असणे, त्यांच्यात ऊठबस असणे एवढ्याने कटातला सहभाग सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. कटाचा हेतू साधून झाल्यावर फरारी माणसाला आसरा देणारा त्या कटाचा भागीदार होत नाही, हेही सांगितले. आसरा देणे हा स्वतंत्र गुन्हा आहेच.

कट कोणी कागदावर लिहीत नाही. म्हणून न्यायालय वागणुकीवरून, फोनवरून, पैशांवरून अंदाज बांधते. मात्र नुसता संशय पुरत नाही.

आता आमच्या मुलाबद्दल. मी त्याला भेटले तेव्हा कळले की त्या रात्रीचे त्याला दीड हजार मिळणार होते, रोजच्या मजुरीच्या तिप्पट. आईला हे माहीत नव्हते. इतके पैसे कशाचे, हे त्याला समजले होते का आणि समजून तो गेला का, हाच खरा प्रश्न आहे. कुऱ्हाड न लावणे हे त्याचे उत्तर नाही, हे मला आईला सांगावे लागले. सांगताना जड गेले. धाकटा भाऊ मात्र दादाच्या रात्रीच्या फेऱ्या ठाऊक होत्या म्हणून आठवडाभर घाबरून मामाकडे लपला होता. त्याला परत आणता आले.

पाड्यांवर जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. अनुसूचित जमातीच्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. आम्ही तसाच अर्ज केला.

मुलाला जामीन मिळाला आहे. वकीलबाईंना त्याने पैशांची गोष्ट स्वतःच सांगितली. पुढच्या तारखेला त्याची आई आणि मी न्यायालयात जाणार आहोत.