नॅनो : बत्तासा की रेती?

पावसाळा तोंडावर आला की महाड-पोलादपूरकडच्या पत्रांत गोठा, खत आणि खाद्य हेच विषय असतात. या खेपेला चार पत्रांत एकच शब्द वेगवेगळ्या वेशात आला : नॅनो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण 1 ते 100 नॅनोमीटर मापाच्या कणांना नॅनोकण म्हणतात. एवढं ध्यानात ठेवून पत्रांकडे वळू.

शंका : भातावर नॅनो युरिया फवारला. झोडणीनंतर तोच पेंढा म्हशीला घालतो. हे कण दुधात उतरतील का? (एक शेतकरी, पोलादपूर तालुका)

समाधान : बत्तासा पाण्यात टाकला तर विरघळतो, रेती टाकली तर तळाशी बसते. खाण्यातल्या नॅनोकणांची पारख करताना शास्त्रज्ञ सर्वांत आधी हेच बघतात : पोटात गेल्यावर हा बत्तासा की रेती? युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत त्याचं मापही आहे. प्रयोगशाळेत आतड्यातल्यासारख्या पाचकरसात 30 मिनिटं ठेवल्यावर कणांच्या रूपात 12 टक्के किंवा त्याहून कमी माल उरला, तर तो लवकर विरघळणारा धरतात. मग तो नेहमीच्या पदार्थासारखाच तपासतात. जास्त उरला तर खरी चौकशी सुरू होते.

युरिया हा बत्तासा आहे. बाटलीत कण 20 ते 50 नॅनोमीटरचा असला, तरी पानात शिरल्यावर त्याचा अमोनिया होतो आणि पीक तो वापरून टाकतं. कापणीपर्यंत मध्ये कित्येक आठवडे जातात. तेव्हा पेंढा खुशाल घाला.

काळजी घ्या ती गोठ्यात ठेवलेल्या साध्या युरियाच्या गोणीची. 4 टक्के नत्राच्या अर्ध्या लिटर बाटलीत नत्र असतं 20 ग्रॅम, तर 45 किलोच्या गोणीत 20 किलोंहून जास्त. सवय नसलेल्या जनावरानं तो चाटला, तर कोटीपोटात भराभर अमोनिया तयार होतो. पोट फुगतं, लाळ गळते, अंग थरथरतं आणि थोड्या वेळात जनावर दगावूही शकतं. खत गोठ्याबाहेर ठेवा, फवारणीची बादली लगेच धुवा, आणि अशी लक्षणं दिसली तर क्षणभरही न थांबता पशुवैद्याला बोलवा.

जाता जाता : सुरक्षित असणं आणि उपयोगी असणं हे दोन वेगळे दाखले आहेत. पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत नेहमीच्या युरियाचा काही भाग वगळून नॅनो युरिया फवारला, तेव्हा भात आणि गव्हाचं उत्पादन घटलेलं दिसलं. सगळ्या शेतावर प्रयोग करण्याआधी एका खाचरात करून बघा.

शंका : गौरी-गणपतीला वर्ख लावलेली मिठाई आणतो. चांदीचा वर्खही नॅनोच असतो असं ऐकलं. मुलांना देऊ का? (एक गृहिणी, महाड)

समाधान : ऐकलंत त्यात थोडं तथ्य आहे. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार वर्खाची चांदी हजारात 999 भाग शुद्ध हवी आणि वजन चौरस मीटरला 2.8 ग्रॅमपेक्षा जास्त नको. आता घरच्या घरी हिशेब करू. एक घनसेंटिमीटर चांदीचं वजन साधारण साडेदहा ग्रॅम. त्या मापानं 2.8 ग्रॅमच्या वर्खाची जाडी भरते सुमारे 267 नॅनोमीटर. चौरस मीटरला एक ग्रॅम भरेल इतका हलका वर्ख असेल, तर जाडी 100 च्याही खाली जाते. म्हणजे नॅनो हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून आपण त्याच्या उंबरठ्यावरची चांदी खात आलो आहोत.

पण पापुद्रा म्हणजे सुटा कण नव्हे, आणि प्रमाणही बघायला हवं. चार सेंटिमीटर लांब-रुंद बर्फीवर पुरा वर्ख लावला तरी चांदी भरते जेमतेम साडेचार मिलिग्रॅम. मात्र चांदी विरघळण्यात बत्ताशासारखी नाही. 2016 मध्ये युरोपीय प्राधिकरणानं खाद्य-चांदी पुन्हा तपासली, तेव्हा निर्णय देण्याइतकी माहितीच हाती नाही असं सांगितलं. म्हणून माझा सल्ला असा : सणाला एखादी बर्फी खुशाल द्या, पण चांदीचं पाणी म्हणून विकलं जाणारं काही रोज पाजू नका. फार दिवस चांदी पोटात गेली तर त्वचा निळसर-करडी पडते आणि तो रंग उतरत नाही.

वर्ख खरा की ॲल्युमिनियमचा, हे दोन बोटांत चोळून कळतं. चांदी विरून दिसेनाशी होते, ॲल्युमिनियमच्या बारीक गोळ्या होतात.

शंका : एमआयडीसीत टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड हाताळतो. हीच पूड खाण्यात घालतात म्हणे. मग आम्ही मास्क कशाला लावायचा? (एक कामगार, महाड)

समाधान : मास्क लावायचाच. नाकावाटे जाणं आणि तोंडावाटे जाणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. श्वासातून जाणाऱ्या या पुडीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता' या गटात, म्हणजे 2-बी मध्ये ठेवलंय.

खाण्यातल्या पुडीबद्दल जाणकारांतच दुमत आहे. हिचा अन्नातला क्रमांक 171. तिच्यातले काही कण नॅनो मापाचे असतात आणि ती अजिबात विरघळत नाही, म्हणजे अस्सल रेती. पेशीतल्या डीएनएला इजा होणारच नाही असं खात्रीनं म्हणता येत नाही, असं मत युरोपीय प्राधिकरणानं मे 2021 मध्ये दिलं आणि 2022 पासून युरोपीय संघात ती खाण्यात घालायला बंदी झाली. उलट, जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं 2023 मध्ये पुन्हा तपासून रोजच्या सेवनाला आकड्याची मर्यादा घालायची गरज नाही, असं ठरवलं. आतड्यातून ती फारच थोडी शोषली जाते, हा त्यांचा एक आधार. एकानं शंकेचा फायदा ग्राहकाला दिला, दुसऱ्यानं पुराव्याचं वजन केलं. भारतात च्युइंग गमसारख्या ठरावीक पदार्थांत तिला मर्यादेत परवानगी आहे. ती पदार्थाला फक्त पांढरेपणा देते, पोषण काहीच नाही. वेष्टनावर 171 दिसला आणि खाणारं मूल लहान असेल, तर दुसरा पुडा घ्या.

शंका : गावठी कोंबड्यांसाठी 'नॅनो मिनरल'ची बाटली घ्या म्हणून विक्रेता मागे लागलाय. घेऊ का? (एक कुक्कुटपालक, महाड तालुका)

समाधान : जस्त घातलेलं असेल तर मुद्दा गैर नाही. कोंबडीला जस्त लागतंच, आणि जस्ताचा ऑक्साइड पोटातल्या आम्लात बराचसा विरघळतो. पण चांदी घातली असेल तर ती तशी विरघळत नाही. कलेजीत किंवा अंड्यात किती साठते याचा पुरावा हवा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं जुलै 2020 मध्ये नॅनो कृषी-निविष्ठा आणि अन्नपदार्थ तपासण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी मागा : घटक कोणता आणि किती, कणांचं माप काय, तपासणी कोणी व कशावर केली. 'लॅब टेस्टेड' एवढ्यावर समाधान मानू नका. नुसती जिवाणूंवरची चाचणी इथे पुरत नाही, कारण नॅनोकण जिवाणूच्या भिंतीतून आत शिरतीलच असं नाही. सस्तन प्राण्यांच्या पेशींवर, आणि गरज पडली तर उंदरांना 90 दिवस खाऊ घालून बघावं लागतं. कागद नसेल तर बाटली परत करा.

शेवटी चौघांनाही एक सांगणं. आपल्याकडे चार महिने भिंतीला ओल असते. त्या ओलीनं आंबोणाला आणि पेंडीला बुरशी धरते, आणि काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते जनावराच्या पोटातून दुधात उतरतं, म्हणून कायद्यानं दुधात त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. दूध उकळून ते जात नाही. तेव्हा न दिसणाऱ्या कणाची चिंता करण्याआधी दिसणारी बुरशी बघा : पोती फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर, आणि कुबट वास आलेलं आंबोण जनावराला घालू नका, कोंबडीलाही नको.