तीस झाडांवरून बाराशे झाडांचा अंदाज

प्रश्न : डाळिंबाची बाग उक्ती द्यायची आहे. 30 ओळी, प्रत्येकीत 40 झाडं. बांधालगतच्या 15 झाडांवरची फळं मोजून 1200 झाडांचा हिशेब धरावा का?

उत्तर : नको. बांधालगतच्या झाडांना ऊन, वारा, मोकळी जागा जास्त मिळते; आतल्या झाडांच्या वतीनं ती बोलू शकत नाहीत. प्रत्येक ओळीसाठी 1 ते 40 मधली एक चिठ्ठी काढा आणि त्या क्रमांकाचं झाड मोजा. चिठ्ठी दर ओळीला नव्यानं काढायची. सरसकट ‘दर चाळिसावं झाड’ असं धरलंत, तर तुमच्या बागेत प्रत्येक वेळी ओळीतली तीच जागा येईल. आणि चिठ्ठीत मरतुकडं झाड आलं तरी बदलू नका. माणसाला नेमका इथेच मोह आवरत नाही, आणि अंदाज फुगतो.

समजा, 30 झाडांची सरासरी 70 फळं आली आणि प्रमाण विचलन, म्हणजे झाडागणिक फळं सरासरीपासून किती कमीजास्त होतात त्याचं माप, 22. एकूण अंदाज 84,000. पण सौदा या एका आकड्यावर करू नका. 22 ला 30 च्या वर्गमुळानं भागलं की सुमारे 4 येतात. त्याची दुप्पट 8. म्हणजे साऱ्या बागेची खरी सरासरी बहुधा 62 ते 78, आणि बागेत साधारण 74,000 ते 94,000 फळं. ही तफावत निम्मी करायची तर चौपट, म्हणजे 120 झाडं मोजावी लागतील. माझ्या मते तेवढे कष्ट उक्त्या सौद्यात वसूल होतात.

संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीक कापणी प्रयोगांत यदृच्छ, म्हणजे चिठ्ठीसारख्या, निवडीचा आग्रह धरला, तो माणसाच्या निवडीनं अंदाज फुगू नये याच कारणानं.