कचऱ्याचे वर्गीकरण : पाठापासून सवयीपर्यंत



ओला कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, असं विचारा; मुलं एका सुरात 'हिरव्या!' म्हणतात. पेपरातही पैकीच्या पैकी गुण मिळतात. पण घरी चहाचा चोथा, दुधाची पिशवी आणि रद्दी एकाच बादलीत जात असेल, तर पाठ झाला, सवय झाली नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरीच वेगळा करणं बंधनकारक केलं. तरी नुसत्या नियमाने हात वळत नाही.

मग सवय कशाने लागते? पुण्याचं उदाहरण पाहू. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून कार्यकर्त्या कचरावेचक महिलांपर्यंत पोहोचल्या. घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला तर या महिलांना उकिरड्यात हात घालावा लागणार नाही आणि मालालाही चांगला भाव येईल, हे लक्षात आलं. त्यातून १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हे 'स्वच्छ'चं सांगणं. ठिपका काढताना समोर नियम नसतो, ती पिशवी उचलणारे हात असतात. मुलांना हेच दिसायला हवं.

वर्गात काय करता येईल?

१. आठवडाभर घरचा सुका कचरा वेगळा ठेवून वहीत रोज नोंद करायची.

२. भंगारवाल्या काकांना विचारायचं : काय घेता, काय घेत नाही, आणि का? भिजलेल्या, तेलकट कागदाला भाव का नाही, हे मुलांना तिथे कळतं. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाचे थर वेगळे करणं अवघड, म्हणून तेही सहसा कुणी घेत नाही.

३. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना वर्गात बोलवायचं. त्या दिवशी शिकवणाऱ्या त्या, ऐकणारे आपण.

पालकांसाठी : दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, तो बारीक तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी धुऊन वाळवायचं काम मुलांकडे द्या. मूल सांगेल आणि मोठे ऐकणार नाहीत, असं झालं तर पाठ तिथेच संपतो.

मूल्यमापन : 'डब्याचा रंग कोणता?' याऐवजी विचारा, 'काल तुमच्या घरातून गेलेला कचरा आज कुठे असेल?'